पहाटे साडेपाचच्या आधी

मोहोळ तालुक्यातल्या एका गावात दूध संकलन केंद्र चालवणाऱ्या काकांनी फोनवर सांगितलेली तक्रार सुरुवातीला मला नीट कळलीच नव्हती. "ताई, पहाटंचं दूध कालच्या तारखेला पडतंय," ते म्हणाले. "समदं न्हाई, उजाडायच्या आधी आलेलं तेवढंच." त्यांच्या केंद्रावरची प्रणाली पूर्वी दुसऱ्या कुणी तरी तयार केली होती आणि आता तिची देखभाल माझ्याकडे होती. मी सोलापुरात होटगी रस्त्यावरच्या घरात, पंख्याखाली बसून त्यांच्या नोंदी उघडल्या. काट्यावरून आलेले लिटर बरोबर होते, फॅट आणि एसएनएफचे (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आकडे बरोबर होते, दरही बरोबर होता. फक्त काही शेतकऱ्यांच्या नावावर एकाच तारखेला दोन सकाळी आणि एक संध्याकाळ अशा तीन नोंदी दिसत होत्या आणि लगेच पुढच्या तारखेला सकाळच नव्हती. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो, त्यामुळे एरवी ही चूक हिशेबात आपोआप मिटून जात असे. दहा, वीस आणि महिनाअखेर या तारखांच्या काठावर मात्र ती उघडी पडे आणि काका वहीत लाल पेनाने रक्कम दुरुस्त करून देत. हे बरेच महिने चालले होते. तक्रार करण्याऐवजी त्यांनी पेन हातात घेतला होता, ही गोष्ट मला अधिक लागली.

दोष एका ओळीत होता. जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या भाषेत आजची तारीख 'वर्ष-महिना-दिवस' अशा रूपात हवी असेल तर 'न्यू डेट' करायचे, त्यावर 'टूआयएसओस्ट्रिंग' चालवायचे आणि आलेल्या मजकुराचे 'टी' या अक्षरापाशी दोन तुकडे करून पहिला घ्यायचा, हा कोडचा तुकडा वेबचे काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाने कधी ना कधी वापरलेला असतो. तो सुटसुटीत आहे, एका ओळीत मावतो आणि वाचताक्षणी कळतो. अडचण एवढीच की 'टूआयएसओस्ट्रिंग' तारीख सांगते ती जागतिक प्रमाणवेळेची. आपले घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे, म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत ती ओळ आपल्याला कालचीच तारीख देत राहते.

साडेपाच वाजले की ती सुधारते.

यावर मी बराच वेळ विचार करत राहिले, कारण ही ओळ इतकी वर्षे इतक्या हातांतून गेली असताना तिचा दोष इथे कुणाच्या नजरेस का आला नसावा, हे मला समजून घ्यायचे होते. कॅलिफोर्नियात बसलेल्या माणसाला तीच ओळ दुपारी चार-पाचनंतर उद्याची तारीख दाखवते. तो तेव्हा कार्यालयातच असतो, त्यामुळे चूक त्याच्या डोळ्यांसमोर घडते. लंडनमध्ये हिवाळ्यात तिथले घड्याळ आणि प्रमाणवेळ एकच असल्याने ती कधीच चुकत नाही आणि उन्हाळ्यातही मध्यरात्रीनंतरचा एक तासच ती घसरते. पुण्यात किंवा बेंगळुरूत संगणकासमोर बसणारी माणसे मध्यरात्र ते साडेपाच या वेळात बहुधा झोपलेली असतात. जागे असतात ते गोठ्यात वाकलेले, भाजीचा टेम्पो घेऊन मार्केट यार्डाकडे निघालेले, पहिल्या एसटीने कामावर जायचे म्हणून पाच वाजताच दूध घालून मोकळे होणारे. त्यात जानेवारीत आपल्याकडे सात वाजत आले तरी धड उजाडत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरून ठरते आणि सोलापूर ७६ अंशाच्या जरा अलीकडे आहे, त्यामुळे आपला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे २६ मिनिटे मागे चालतो. अशा अंधारात केटली घेऊन आलेल्या माणसाच्या वाट्याला ती चूक येत होती, उजेडात सावकाश येणाऱ्याच्या वाट्याला येत नव्हती.

मला वेबचे काम कुणी वर्गात शिकवले नाही. नव्या पेठेच्या एका बोळातल्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून आम्ही बसत असू. बाहेर मेचे ऊन रणरणत असायचे, आत संगणकांच्या मागून येणारी गरम हवा आणि कुणी तरी आणलेल्या शेंगा चटणीच्या डब्याचा वास यांची सरमिसळ झालेली असायची. एखादे पान आवडले की त्याचा स्रोत उघडायचा आणि हवा तेवढा भाग दोनशे पानी वहीत पेनाने उतरवून घ्यायचा, कारण पेन ड्राइव्ह सगळ्यांकडे नव्हता आणि तिथे छापून घेणे परवडत नव्हते. त्या वहीत फ्लोट केलेल्या, म्हणजे पानाच्या एका बाजूला तरंगत ठेवलेल्या, चौकटी आवरून धरणारा 'क्लिअरफिक्स' होता, इंटरनेट एक्सप्लोररसाठीच्या खास कसरती होत्या, चौकट पानाच्या बरोबर मध्यभागी आणण्याच्या निरनिराळ्या युक्त्या होत्या. आज त्यांतले बहुतेक सारे निरुपयोगी आहे. २०१७ साली प्रमुख ब्राउझरांत पानाची मांडणी करणारी ग्रिड पद्धत आली तेव्हापासून मध्यभाग साधायला 'डिस्प्ले ग्रिड' आणि 'प्लेस आयटम्स सेंटर' एवढे पुरते, आणि इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये अधिकृतपणे निवृत्त झाला. त्या वहीचा कागद मात्र अजून टिकून आहे. पेनाने उतरवताना प्रत्येक अर्धविराम हाताखालून जात असे, त्यामुळे ओळ समजली नाही तरी निदान नजरेखालून गेलेली असे. आता दोन कळा दाबल्या की दहा ओळी येऊन बसतात आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला विचारले तर स्पष्टीकरणासकट येतात. तारखेची ती ओळ मी कुतूहलाने अशा साधनाकडे मागून पाहिली, तर त्याने हसतमुखाने हीच ओळ पुढे केली.

उसनी ओळ म्हणजे शेजारून आणलेले विरजण असते. ते आणण्यात कमीपणा नाही, पण ते कुठल्या दुधाचे आहे हे विचारून घ्यावे लागते. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर २०१० साली अँड्रियास लुंडब्लाड या प्रोग्रामरने बाइट्सचा आकडा माणसाला वाचता येईल अशा रूपात दाखवणारा जावा या भाषेतला एक तुकडा लिहिला होता. तो पुढे हजारो प्रकल्पांत जाऊन बसला. त्यात दोष आहे, हे २०१९ मध्ये त्यानेच लेख लिहून सांगितले. ९,९९,९९९ बाइट्स दिले की एक मेगाबाइट दिसण्याऐवजी १००० किलोबाइट दिसत, कारण एकक आधी ठरत असे आणि पूर्णांकन नंतर होत असे. दोष काठावर होता आणि काठावर कुणी उभे राहून पाहिले नव्हते. काकांच्या दहा तारखेसारखेच ते होते. तेव्हापासून मी उसन्या तुकड्याच्या वर टिप्पणीत तो कुठून घेतला त्याचा दुवा लिहिते. स्टॅक ओव्हरफ्लोवरील मजकुराच्या परवान्यानुसार श्रेय देणे बंधनकारक आहे हे एक कारण झाले. दुसरे कारण असे की मूळ लेखकाने नंतर दुरुस्ती केली असेल तर तिथे परत जाण्याची वाट राहते.

सगळ्यांत जास्त आपल्या वाटेला येतात ते इंग्रजी लिपी गृहीत धरून लिहिलेले तुकडे, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे. लेखाच्या शीर्षकावरून पानाचा पत्ता तयार करणारा लोकप्रिय तुकडा 'ए ते झेड आणि अंक सोडून बाकी साऱ्याच्या जागी आडवी रेघ ठेवा' असे सांगतो. त्याला मराठी शीर्षक दिले की हाती एक आडवी रेघ उरते आणि दुसऱ्या लेखाला दुसरी आडवी रेघ. कुणी थोडे पुढे जाऊन युनिकोडची, म्हणजे सर्व लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाची, सोय वापरते आणि रेगेक्समध्ये, म्हणजे मजकुरातला नमुना शोधण्याच्या सूत्रात, 'अक्षर' हा गुणधर्म ठेवते. मग 'सोलापूर'चे 'सलपर' होते आणि 'सिद्धेश्वर'चे 'सदधशवर', कारण युनिकोडच्या लेखी मात्रा, वेलांट्या आणि हलंत ही अक्षरे नसून 'चिन्हे' आहेत. अक्षरांच्या 'एल' या वर्गाबरोबर चिन्हांचा 'एम' आणि अंकांचा 'एन' हे दोन वर्गही ठेवले आणि युनिकोडसाठीचा 'यू' हा झेंडा लावला, की सोलापूरच्या ग्रामदैवताचे नाव शाबूत राहते. लांबी मोजण्याचीही हीच कथा आहे. 'श्रीकृष्ण' हे नाव आपण तीन अक्षरांत म्हणतो, पण जावास्क्रिप्टचे 'लेंग्थ' त्याचे नऊ भरते. इनपुटच्या रकान्याला इंग्रजी नावे पाहून वीसची 'मॅक्सलेंग्थ', म्हणजे कमाल लांबी, दिली असेल तर मराठी माणूस आडनावाच्या मध्येच अडतो आणि आपला कीबोर्ड बिघडला असे त्याला वाटते. खरी अक्षरे मोजायची असतील तर जावास्क्रिप्टमध्ये 'इंटल सेगमेंटर' आहे. तो फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४ मध्ये आला आणि त्यानंतर सर्व प्रमुख ब्राउझरांत निर्धास्तपणे वापरता येऊ लागला. जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियमही युनिकोडने २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत घातला, म्हणून जुन्या ब्राउझरवर 'श्री'चे दोन तुकडे मोजले जाऊ शकतात. यादीत जागा कमी म्हणून नाव तोडायचे असेल तर मजकूर ठरावीक लांबीवर कापणाऱ्या 'स्लाइस'ऐवजी पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसचे 'टेक्स्ट ओव्हरफ्लो इलिप्सिस' बरे, कारण ते उच्चाराच्या मधोमध सुरी चालवत नाही. एका खानावळीच्या यादीत 'कडक भाकरी'चे शेवटचे चिन्ह स्लाइसने उडाले होते आणि तिथे 'कडक भाकर' असे दिसत होते. आमच्याकडे बोलताना तसेच म्हणतात, त्यामुळे ते कुणाच्याच लक्षात आले नाही.

नजरेला खटकणाऱ्या गोष्टी वेगळ्याच. परदेशी रचनेतून उचललेले, अक्षरांमधले अंतर वाढवणारे 'लेटर स्पेसिंग' मराठी मथळ्यावर बसवले की शिरोरेषेचे तुकडे होतात आणि दाराची कडी निखळल्यासारखा शब्द लोंबकळतो. ओळींची उंची १.२ ठेवली की वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांत अडकतात, त्यामुळे मी ती १.६ च्या आसपास ठेवते. पानाच्या मुळाशी भाषा म्हणून 'एमआर' लिहिणे ही दोन अक्षरांची गोष्ट आहे, पण तिच्यामुळे नोटोसारख्या फॉन्टांत 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दिसतात आणि पान वाचून दाखवणारी प्रणाली मराठी उच्चार निवडते. इतके स्वस्त आणि इतके उपयोगी दुसरे काही मला ठाऊक नाही, तरी दहांतली बरीच मराठी पाने स्वतःची भाषा इंग्रजी म्हणून सांगतात.

पुन्हा संकलन केंद्राकडे येते, कारण तिथे आणखी दोन गोष्टी सापडल्या. हजाराच्या जागी स्वल्पविराम घालणारा एक रेगेक्स आहे. तो तीन-तीन अंकांनंतर स्वल्पविराम टाकतो, त्यामुळे सव्वा लाखाची रक्कम १२५,००० अशी दिसत होती आणि काका ती दर वेळी बोट ठेवून मोजत होते. 'इंटल नंबरफॉरमॅट'ला 'ईएन-आयएन' सांगितले की १,२५,००० मिळते आणि 'एमआर-आयएन' सांगितले की तेच मराठी अंकांत मिळते. दुसरी गोष्ट त्याच्या उलट दिशेची. काकांच्या सुनेच्या फोनवर मराठी कीबोर्ड असल्यामुळे ती कधी कधी लिटरच्या रकान्यात '१२.५' असे मराठी अंकांत लिही आणि प्रणाली तो आकडा म्हणून ओळखतच नसे. जावास्क्रिप्टचे 'नंबर' आणि रेगेक्समधले 'डी' हे फक्त इंग्रजी अंक जाणतात. देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक २४०६ आहे आणि नवापर्यंतचे अंक त्यापुढे ओळीने येतात, म्हणून प्रत्येक मराठी अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की काम भागते. ही एक ओळ मी आता प्रत्येक फॉर्ममध्ये घालते आणि रकान्याला 'इनपुटमोड डेसिमल' देते, म्हणजे फोनवर आकड्यांचाच कीबोर्ड वर येतो.

तारखेचा उपाय मात्र वाटला तितका सरळ निघाला नाही. ब्राउझरमध्ये 'गेटफुलइयर', 'गेटमंथ', 'गेटडेट' असे तुकडे जोडून तारीख केली तर ती फोनच्या घड्याळाप्रमाणे बरोबर येते, फक्त महिन्यात एक मिळवावा लागतो, कारण इथे जानेवारी म्हणजे शून्य. १९९५ मध्ये घाईने जन्मलेल्या जावास्क्रिप्टने तारखेची पद्धत त्या काळच्या जावाकडून जशीच्या तशी उचलली होती आणि त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत. पण तेच तुकडे सर्व्हरवर चालवले तर पुन्हा कालचीच तारीख येते, कारण भाड्याचे सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले असतात. म्हणून वेळक्षेत्र स्पष्ट सांगणेच योग्य. 'टूलोकेलडेटस्ट्रिंग'ला 'एशिया/कोलकाता' हे क्षेत्र द्यायचे आणि भाषा स्वीडनची, 'एसव्ही-एसई', द्यायची. स्वीडनमध्ये तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहितात, त्यामुळे हव्या त्या रूपात ती तयार मिळते. मोहोळच्या म्हशीच्या दुधाची तारीख स्वीडिश रिवाजाने दुरुस्त व्हावी, याची मला गंमत वाटली आणि थोडी चीडही आली. ब्राउझरांत हळूहळू येत असलेल्या 'टेम्पोरल' या तारीख-वेळेच्या नव्या सोयीमुळे ही कसरत पुढे संपेल, तोवर मी ही ओळ वापरते आणि तिच्या डोक्यावर कारण लिहिते. एक सावधगिरी मात्र हवी. क्रोमला क्षेत्राचे नाव विचारले तर तो अनेकदा 'एशिया/कलकत्ता' असे जुने नाव सांगतो, त्यामुळे नावाची अक्षरशः तुलना करू नये.

उलट बाजूचाही अनुभव आहे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचा कार्यक्रम दाखवणारे एक छोटे पान मी केले होते. त्यात एका सोहळ्याची तारीख केवळ '२०२५-०१-१४' अशी दिली असती तर जावास्क्रिप्टने ती प्रमाणवेळेची मध्यरात्र धरली असती. सोलापुरात ती पहाटे साडेपाचची वेळ होते, दिवस तोच राहतो आणि कुणाला काही कळत नाही. न्यू जर्सीत बसून पान उघडणाऱ्याला मात्र सोहळा १३ तारखेला दिसतो. म्हणून जी गोष्ट फक्त तारीख आहे, जन्मदिवस, सण, पगाराचा दिवस, ती मी मजकूर म्हणूनच साठवते आणि मजकूर म्हणूनच दाखवते. तिला घड्याळ चिकटवत नाही. क्रोमच्या विकासक साधनांत 'सेन्सर्स' नावाचे एक पॅनल आहे, तिथे स्थान बदलले की ब्राउझरचे वेळक्षेत्रही बदलते. काम सोपवण्याआधी मी पान एकदा सॅन फ्रान्सिस्कोत आणि एकदा टोकियोत उघडून पाहते आणि चाचणीसाठी घड्याळ पहाटे पाचवर लावते.

सोलापूरसारख्या गावात हे सगळे जास्त जाणवते, कारण इथे एकाच रस्त्यावर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू पाट्या असतात. विजापूर वेशीजवळच्या एका दुकानासाठी उर्दू पान करताना डावीकडे समास सोडणाऱ्या साऱ्या उसन्या ओळी उलट्या पडल्या, कारण मजकूर उजवीकडून सुरू होत होता. 'मार्जिन लेफ्ट'च्या जागी 'मार्जिन इनलाइन स्टार्ट' लिहिले की तीच ओळ दोन्ही लिप्यांना चालते. मोकळी जागा सोडून लिहिलेल्या फोन नंबरचे दोन भाग उर्दू वाक्यात अदलाबदल होऊन दिसत होते, ते मजकुराची दिशा वेगळी राखणाऱ्या 'बीडीआय' या टॅगने जागेवर आले. दुकानदारांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणूनच एवढे दिवस फोन येत नव्हते काय?" बहुधा नसावे, पण मी काही बोलले नाही.

नावांचा प्रश्न मात्र मला अजून सुटलेला नाही. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आडनाव आधी येते. मराठी माणूस सरकारी कागदावर आडनाव आधी लिहितो आणि लग्नपत्रिकेत शेवटी. यादी आडनावांनुसार लावायची तर साधे 'सॉर्ट' क्षीरसागरांना 'क'च्या शेपटीला बसवते, 'इंटल कोलेटर'ला 'एमआर' सांगितले की ते 'ह'च्या पुढे, आपल्या जागी जातात. इतके जमते. पण पूर्ण नावातून पहिला शब्द काढून 'नमस्कार' म्हणणारा तुकडा कुणाला आडनावाने हाक मारतो, कुणाला आद्याक्षराने, आणि साठीच्या बाईंना लग्नाआधीच्या नावाने. मी आता फॉर्ममध्ये 'पूर्ण नाव' असा एकच रकाना ठेवते आणि खाली 'तुम्हाला काय म्हणून हाक मारू' असा ऐच्छिक रकाना देते. दुधाचे पगार ज्या बँकेतून होतात तिला मात्र नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन रकाने भरलेली फाइल लागते. एका रकान्याचे तीन करणारी ओळ शोधली तर भरपूर सापडतात. त्यांतली एकही मी लावलेली नाही. दर पगाराआधी नवी नावे आली की काकांची सून ज्याचे त्याला विचारून तीन रकाने हाताने भरते.